मांडीचा तास

ब्रेकबाईंना तोंडावर ब्रेकबाई म्हणायची कुणाची छाती नव्हती. तोंडावर त्या नुसत्या 'बाई'. पण त्यांच्या हाताखाली गाडी शिकून गेलेली माणसं कुठे भेटली की हे नाव निघायचंच, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शिकवायच्या गाडीत ब्रेक दोन असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या शिक्षकाच्या पायाशी. बाईंचा पाय त्या दुसऱ्या ब्रेकवर असा टपून बसलेला असायचा, की समोर मांजर आलंय हे शिकणाऱ्याच्या डोक्यात शिरायच्या आत गाडी थांबलेली असे. त्या बिचाऱ्याला वाटे, आपणच थांबवली. बाईही त्याला तसं वाटू देत. इतक्या वर्षांत त्यांच्या गाडीने कुणाला साधा ओरखडा काढला नव्हता. याचा त्यांना गर्व होता आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

शाळा मूळची वडिलांची. वडील गेले, गाड्या बदलल्या, पण टपावरची पिवळी पाटी तीच राहिली आणि वडिलांची एक रीतही तशीच राहिली. परीक्षेच्या आधीचा शेवटचा तास आला की वडील शेजारच्या सीटवर चक्क मांडी घालून बसत. दोन्ही पाय वर, ब्रेक मोकळा. "आता मी नाही असं समज," एवढंच म्हणत. शिकणाऱ्याच्या तोंडचं पाणी पळायचं, पण तास संपला की तोच माणूस छाती पुढे काढून उतरायचा. बाईंनी ही रीत पुढे चालवली. शाळेत त्या तासाला 'मांडीचा तास' असंच नाव पडलं होतं. असला तास कुठल्याही कायद्यात बसत नाही हे बाईंना माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. चांगलं माहीत होतं. पण वडिलांनी केलं ते चूक कसं असेल, असं म्हणत आपण सगळेच काय काय करत असतो.

त्या सकाळी मांडीचा तास होता घड्याळजींचा.

घड्याळजी म्हणजे पन्नाशीचा, घड्याळं दुरुस्त करणारा, अतिशय हळुवार हाताचा माणूस. घरात गाडी बायको चालवायची. तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि गाडी चालवणं तिला कायमचं बंद झालं, म्हणून या वयात हे शिकायला आले. भित्रे इतके, की वळणावर श्वास रोखून धरायचे आणि वळून झाल्यावर सोडायचे. त्यांना सांभाळून घ्यावं म्हणून बाईंचा पाय त्यांच्यासाठी इतरांपेक्षाही लवकर खाली जायचा. "जमतंय की हो तुम्हाला!" असं म्हटलं की घड्याळजी लाजायचे.

पोस्टासमोर पांढरे पट्टे आहेत. सिग्नल नाही, नुसते पट्टे. फुटपाथच्या कडेला एक बाई उभी होती. तिने गाडीकडे पाहिलं, हात किंचित वर केला आणि पट्ट्यांवर पाऊल टाकलं. ब्रेकबाईंना ती स्पष्ट दिसली. घड्याळजींनाही दिसली. त्यांनी ब्रेक दाबला, गाडी हळू झाली. बाई मनात म्हणाल्या, शाबास! पण गाडी हळू झाली तशी थांबली मात्र नाही. बाईंनी मांडी सोडायला पाय उचलला, तर उजव्या पायाला मुंग्या आलेल्या. तो पाय आपला आहे की दुसऱ्याचा तेच कळेना. तो फरफटत खाली आणून त्यांनी ब्रेक दाबला तेव्हा गाडी खरोखरच थांबली, पण तोवर पट्ट्यांवर नुसता एक बूट उभा होता. बूट घालणारी पलीकडे आडवी झाली होती.

बाई लंगडत खाली उतरल्या. पडलेल्या बाईने डोळे उघडून पाहिलं आणि ओठ दाबून म्हणाली, "बाई, तुम्ही?"

ती त्यांचीच विद्यार्थिनी. शिकून गेली त्याला बरीच वर्षं झाली होती, आता शाळेची बस चालवायची. सगळे तिला बसवालीच म्हणत. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली जिकडे वळायला नको तिकडे वळला होता.

पोलीस आला. बाईंचं तोंड उघडायच्या आत घड्याळजी पुढे झाले. "चूक माझी आहे साहेब. मी वेगात होतो. बाईंनी ब्रेक दाबला, म्हणून एवढ्यावर निभावलं." पोलिसाने बाईंकडे पाहिलं. "असंच झालं ना?" बाईंनी मान हलवली. ती होकाराची होती की नुसती भेदरलेली, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पोलिसाने तो होकार धरला आणि लिहून घेतलं.

तिथून पुढे बाईंच्या जिवाला स्वस्थता म्हणून नाही. दुपारी शाळेच्या खोलीत त्या टेबलाशी बसल्या, तर फोन वाजला की दचकायच्या आणि वाजला नाही की वाटायचं, आता का वाजत नाही? बसवालीला ऑपरेशनला नेलंय एवढंच कळलं होतं. पाय वाचेल का, ते कुणी सांगत नव्हतं. आणि एवढ्या काळजीतही एक दुसरा विचार मध्येच डोकं वर काढायचा: माझे पाय वर होते ते कुणी पाहिलं तर नसेल? या विचाराची त्यांना स्वतःलाच किळस यायची, पण तो काही हटायचा नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याने त्यांना हाक मारली. "बाई, थांबा. सकाळी मी सगळं पाहिलं बरं का."

बाईंनी वळून विचारलं, "काय पाहिलंत?"

"सगळंच! पहिल्यापासून!" पेपरवाल्याने आजूबाजूला पाहून आवाज खाली आणला. "ती बाई पडली ना, तेव्हा तिच्या पिशवीतला डबा घरंगळत थेट माझ्या दुकानापर्यंत आला. मी ठेवलाय जपून. देऊन टाकाल का तिला?"

बाईंनी डबा घेतला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! तो रिकामा डबा पदराआड धरून त्या अशा निघाल्या, जसा काही चोरीचा माल आहे.

दुसऱ्या दिवशी त्यांचा धाकटा भाऊ आला. हा वकील. अपघाताच्याच केसेस चालवतो आणि बहिणीच्या शाळेत आला की कधी खुर्चीवर सरळ बसत नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर बूड टेकतो. टेबलावर शिकवण्यासाठी पुठ्ठ्याचा चौक केलेला होता, त्यावर खेळण्यातल्या गाड्या. भावाने त्यातली एक उचलली आणि माणूस म्हणून एक खोडरबर पट्ट्यांवर उभं केलं.

"हे बघ ताई. पट्ट्यांवर माणूस आणि गाडीने उडवला, की चूक गाडीची. इथून सुरुवात. आता गाडी कुणाची? स्टिअरिंगवर घड्याळजी होते, पण कायद्याच्या लेखी चालवत होतीस तू. तुझ्यापुढे ब्रेक आहे ना? मग जबाबदारीही तुझ्यापुढेच."

"आणि घड्याळजी?"

"त्यांना नोटीस येईल, चकरा मारतील बिचारे. पोलिसांत त्यांनी सगळं स्वतःवर ओढून घेतलंय, तेव्हा लायसन्स मिळायचं कठीणच आहे आता. पण तू ब्रेक दाबला होतास, तेव्हा तुझ्याकडून प्रयत्न झाला. झाला तो अपघात. विमा कंपनी भरपाई देईल, शाळा वाचेल." मग त्याने खोडरबराकडे पाहतच विचारलं, "मांडीचा तास तर नव्हता ना?"

बाईंना वाटलं, खोलीतला पंखा थांबलाय. तो चालूच होता.

"नाही," त्या म्हणाल्या.

"नाही ना? मी बाबांना शंभरदा सांगितलं होतं, एक दिवस ही मांडी आपल्या सगळ्यांना रस्त्यावर आणेल. पाय वर होते असं निघालं ना ताई, तर कंपनी हात झटकेल, परवाना जाईल आणि भरपाई तुझ्या घरादारावर येईल. बाबांची पाटी खाली उतरेल ती वेगळीच." त्याने मान वर करून बहिणीकडे एक क्षण पाहिलं आणि पुन्हा काही विचारलं नाही. वकिलाने काही गोष्टी एकदाच विचारायच्या असतात.

जाताना तो दाराशी थांबला. "तिला भेटायला जाशीलच ना? मग सहज बोलता बोलता विचार, पाऊल टाकण्याआधी तिने नीट बघितलं होतं का. पादचाऱ्यालाही डोळे दिलेत ना. न बघता उतरली असेल, तर चुकीचा थोडा वाटा तिचाही होतो. आपला भार तेवढाच हलका. लबाडी नाही ही, असतंच तसं."

"मी नाही असलं काही विचारणार."

"नको विचारूस. ती आपणहून बोलली तर ऐकून घे."

तो गेला आणि बाई पुठ्ठ्याच्या त्या चौकाकडे पाहत राहिल्या. खोडरबर अजून पट्ट्यांवरच उभं होतं. आपण सख्ख्या भावाशी खोटं बोललो, तेही एका शब्दात, श्वासही न अडखळता. लहानपणी त्याची साधी गोळी खाल्ली तरी त्या कबूल करून टाकायच्या.

दिवेलागणीला घड्याळजी आले. आत यायला सांगितलं तरी उंबऱ्यातच उभे राहिले. तोंड उतरलेलं, हातात टोपी.

"बाई, मी कालपासून डोळा मिटलेला नाही. एकच सांगायला आलो. मी ब्रेक दाबला होता हो."

"मला माहितीये घड्याळजी. गाडी हळू झाली होती."

"मी अगदी नेहमीइतकाच दाबला! तेवढ्यात रोज थांबायची गाडी. रोज! काल का थांबली नाही? गॅरेजवाल्याकडे जाऊन आलो. तो म्हणतो, ब्रेक ठणठणीत आहेत. मग माझ्याच पायात काही दोष असेल का?"

बाईंना एकदम सगळं समजलं. घड्याळजी रोज तेवढाच ब्रेक दाबायचे, कारण उरलेला रोज बाई दाबायच्या. थोडा त्यांचा, बाकीचा बाईंचा. गाडी थांबली की बाई म्हणायच्या, जमतंय की! या हळुवार माणसाच्या पायाने बिनचूक शिकून घेतलं होतं, पण काय, तर अर्धाच ब्रेक दाबायला. बाईंनीच शिकवलं होतं. आणि मग एके सकाळी त्यांनी, असा काही आपला अर्धा होता हे न सांगताच, तो काढून घेतला.

"तुमच्या पायात काही दोष नाही," बाई कशाबशा म्हणाल्या.

"तुमचे पाय वर होते ते मी कुणाला बोललो नाही, बोलणारही नाही," घड्याळजी हलक्या आवाजात म्हणाले. "दवाखान्यात बसवालीलाही जाऊन हेच सांगून आलो, बाईंनी ब्रेक दाबला म्हणून वाचलात. शाळा बंद पडून कसं चालेल? माझं काय, मला गाडी येतच नव्हती, आता कधीच येणार नाही. बायकोला न्यायला रिक्षा आहेत."

हे त्यांनी इतक्या साधेपणाने म्हटलं की बाईंना रडूच फुटलं. घड्याळजींना वाटलं, बसवालीच्या काळजीने रडतायत. तेच त्यांची समजूत काढत बसले. काय म्हणावं या माणसाला! आणि काय म्हणावं बाईंना, ज्यांनी ती समजूत काढून घेतली!

ऑपरेशन झालं होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन दवाखान्यात गेल्या. जिन्यावर त्या तीनदा थांबल्या. बसवाली मांडीच्या तासातून गेलेली होती, तिला सगळी रीत ठाऊक होती. तिने काचेतून आपले गुडघे पाहिले असतील तर? आणि पाहिले नसतील तर? यातलं आपल्याला नेमकं काय हवंय, हेच त्यांना सांगता येईना.

खोलीत खिडकीजवळच्या कॉटवर बसवाली पडली होती. उजवा पाय प्लॅस्टरमध्ये, उशांवर चढवलेला. त्यांना पाहून तिचं तोंड उजळलं.

"या या, बाई! डबा सापडला? मला वाटलं, गेला. बसा ना. अशा काय उभ्या? तुम्हीच आजारी दिसताय."

"काय म्हणतात डॉक्टर?"

"हाड बसवलंय, खिळे घातलेत. चालायला लागेन म्हणतात. पण बस..." तिने प्लॅस्टरकडे पाहिलं. "पाय नेमका ब्रेकचा मोडला ना, बाई. जोर येईल की नाही ते सांगत नाहीत. बसमध्ये सगळी पोरं असतात. अर्ध्या जोराच्या पायाने कशी नेऊ मी ती?"

बाई स्टुलावर बसल्या. बसवालीने त्यांचा हात हातात घेतला. आजारी कोण आणि भेटायला आलंय कोण, असं बघणाऱ्याला कोडं पडलं असतं.

"तुम्ही मनाला लावून घेऊ नका. घड्याळजी येऊन गेले. ते म्हणाले, बाईंनी ब्रेक दाबला म्हणून, नाहीतर गाडी अंगावरूनच गेली असती. मी घरी सगळ्यांना तेच सांगितलं, आमच्या बाईंच्या पायाने मला वाचवलं. आणि खरं सांगू? चूक माझीही आहे."

"तुझी कसली चूक?"

"मी बघितलंच नाही. म्हणजे गाडी येतेय हे पाहिलं, पण ती थांबतेय का, ते पाहिलंच नाही. एरवी मी कुणापुढे पाय टाकत नाही, पट्टे असोत नाहीतर काही असो. समोरचा थांबला, त्याच्या डोळ्यांत पाहिलं, की मगच. तुम्हीच शिकवलंय. पण टपावरची पिवळी पाटी दिसली आणि म्हटलं, अगं बाई, ही तर आपल्या बाईंची गाडी! हिला काय बघायचंय? मी हातसुद्धा केला तुम्हाला. आणि बिनधास्त उतरले."

भावाला हवं होतं ते वाक्य हेच. न विचारता मिळालं होतं, आयतं, तिच्याच तोंडून. बाईंना पिशवीतला फोन अचानक जड वाटला. एवढं वाक्य भावाच्या कानावर घातलं, की शाळा वाचली, घर वाचलं, वडिलांची पाटी टपावर राहिली. याच पाटीवर भरवसा ठेवून ही पोरगी उतरली होती.

आणि तेवढ्यात फोन वाजला. भाऊच होता.

"आहेस का दवाखान्यात? काही बोलली ती? बघून उतरली होती का?"

बाईंनी बसवालीकडे पाहिलं. तिच्या हातात अजून त्यांचा हात होता.

"बघून उतरली," बाई म्हणाल्या. "तिने मला बघितलं आणि उतरली."

"म्हणजे गाडी थांबतेय का ते बघितलं नाही, असंच ना?"

"ऐक. तू मला विचारलं होतंस, मांडीचा तास होता का. होता. माझे दोन्ही पाय वर होते. ब्रेक मी दाबला तो, ही पडल्यावर. पोलिसांत सांगितलं ते खोटं आहे आणि तुला सांगितलं तेही खोटं आहे. घड्याळजींचा यात काही दोष नाही."

बाईंनी फोन कानापासून खाली घेतला. बसवालीने आपला हात काढून घेतला होता. रागाने नव्हे, अगदी सावकाश, आणि तो चादरीवर ठेवून ती त्याच्याकडे पाहत होती.

मग ती म्हणाली, "माझ्या वेळेलाही पाय वरच होते ना, बाई?"

"हो."

"याच पट्ट्यांवर एक म्हातारे आडवे आले होते. मी थांबले होते."

"थांबली होतीस."

"मग घड्याळजी का नाही थांबले?"

या प्रश्नाचं उत्तर ना पोलिसाने मागितलं होतं, ना भावाने. "कारण ते आजवर कधी थांबलेच नव्हते," त्या म्हणाल्या. "रोज मीच थांबवत होते. त्यांना कळू न देता. मला वाटायचं, मी त्यांना सांभाळतेय."

बसवालीने तोंड खिडकीकडे फिरवलं. खाली रस्त्यावरून गाड्या जात होत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण पुसायला तिने हात उचलला नाही.

"हेही सांगा मग तुमच्या भावाला," ती म्हणाली. "आणि मी न बघता उतरले, तेही सांगा. का उतरले, त्याच्यासकट."

फोन बंद झालेला नव्हता. बाईंनी तो पुन्हा कानाला लावला, तर पलीकडे भावाचा श्वास ऐकू येत होता.

"ताई," तो हळूच म्हणाला, "मी लिहून घेतोय. पहिल्यापासून सांग."

बाईंनी दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवले आणि सांगायला सुरुवात केली.